बत्तिसाव्या घराची रुजवात

वेल्ह्याच्या कचेरीत त्यांना सगळे ‘बरहुकूम’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर ते ‘भाऊसाहेब’, कारण कचेरीतला कुठलाही जुना कारकून भाऊसाहेबच असतो. जुन्या कागदांची खोली त्यांच्या ताब्यात होती. कुणी जुन्या नोंदीची नक्कल मागितली की ते तांबड्या कापडात बांधलेलं दप्तर सोडत, कागद शोधत, नक्कल करत आणि खाली लिहीत, ‘अस्सलबरहुकूम’. म्हणजे मूळ कागदात जे आहे तेच, तसंच आणि तेवढंच. नोकरीभर हा शब्द लिहून लिहून तो त्यांच्या अंगात मुरला होता.

मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रुजू झाले तेव्हा मला नोकरीचा अनुभव शून्य होता आणि तोंड मात्र फटकळ. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘ऑपरेटरबाई’ म्हणायचे. शिपायाला ‘शिपाईसाहेब’, एसटीच्या कंडक्टरला ‘वाहकसाहेब’. माणसाच्या कागदावर जे लिहिलंय तेच त्याला म्हणायचं, असा त्यांचा हिशेब असावा. आम्ही दोघंही भोरकडून येणारे, त्यामुळे जाता-येता गाडीत त्यांचा सहवास मला सक्तीनं मिळे. एसटीची पाटी ते दोनदा वाचत. एकदा चढायच्या आधी आणि एकदा जागा मिळाल्यावर खिडकीतून वाकून. गाडीत कुणी ऐकीव बातमी सांगायला लागलं, की अमक्याचं लग्न मोडलं, तमक्याची बदली झाली, तर हे मध्येच विचारत, “ह्याचं अस्सल कुणाकडं हाय?” म्हणजे प्रत्यक्ष बघितलं कुणी. बहुतेक वेळा कुणीच बघितलेलं नसे आणि गाडीत शांतता पसरे.

पण त्यांचं खरं वेड रुजवातीचं. जुनी रीत अशी की नक्कल झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं अस्सल मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं आणि ओळ जुळली की ‘बरोबर’ म्हणायचं. मग खाली दोन सह्या, नक्कल करणाराची आणि रुजवात घेणाराची. हातानं नकला करायच्या काळात हे ठीक होतं. आता झेरॉक्स होती. तरी भाऊसाहेब प्रत्येक झेरॉक्सची रुजवात घेत आणि बोट फिरवायला मी.

“भाऊसाहेब, मशीन चुकत नाही,” मी एकदा म्हटलं.

“मशीन चुकत न्हाई. मशीनवर कागुद ठिवणारा चुकतो. वाचतो आता, बोट ठिवा.”

मग वरच्या वाडीवरचा एक म्हातारा धनगर आला. मेंढरं पाण्यावर न्यायच्या वाटेवरून त्याचं शेजाऱ्याशी वाजलं होतं आणि त्या वाटेची जुनी नोंद त्याला हवी होती. मी झेरॉक्स काढून शिक्क्यासाठी पुढे केली. बाहेर एसटी लागलेली, म्हातारा घाईत. भाऊसाहेब म्हणाले, “बसा म्हातारबा, रुजवात व्हायचीय.” मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. ते वाचत गेले, मी ‘बरोबर, बरोबर’ करत गेले आणि शेवटी त्यांनी जी ओळ वाचली ती माझ्या कागदावर नव्हतीच. कागद यंत्रावर बोटभर सरकला होता आणि तळाची ओळ कापली गेली होती. ‘जनावरांस पाण्यास नेणे-आणणेस कोणी हरकत करू नये.’ अख्खा कागद त्या एका ओळीसाठी होता. एसटी निघून गेली. म्हाताऱ्यानं दुसऱ्या गाडीची वाट बघत पायरीवर बसून ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. त्या दिवसापासून मी रुजवातीची थट्टा बंद केली. भाऊसाहेबांची चालू ठेवली.

एका सकाळी गाडीत त्यांनी मला विचारलं, “ऑपरेटरबाई, टीव्हीवर जे दिसतं त्याची नक्कल मिळती का?”

मला वाटलं, कुठल्या मालिकेचं काही असेल. मोबाईलवर फोटो काढा म्हटलं. त्यांनी मान हलवली. “फोटू न्हाई. फोटू म्हंजी सावली. मला चालतंबोलतं पायजे. आमच्या मंडळींचं गाव हाय त्यात.”

पुढच्या रविवारी मी उत्रोलीला त्यांच्या घरी गेले. तिथे त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला ते गाव दाखवलं. काकूंचं माहेर धरणात गेलेलं. गाव उठलं, माणसं लांब लांब वसवली गेली आणि पाणी चढलं. काकूंचा पुण्यातला भाचा आपलं जुनं गेमचं यंत्र त्यांच्याकडे टाकून गेला होता. काकू ते फडक्यानं पुसता पुसता एकदा लावून बसल्या. त्यात ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधायचा एक खेळ होता. भातलावणी उरकली, दुपार मोकळी मिळाली की काकू बांधायला बसायच्या. दोन वर्षांत त्यांनी अख्खं माहेर उभं केलं होतं. देऊळ, त्यासमोरचा पार, सुताराची बोळ, विहीर, विहिरीवरचा रहाट. कोंबड्यासुद्धा होत्या. माझं तोंड उघडंच राहिलं.

भाऊसाहेब आधी या सगळ्याला पोरखेळ म्हणायचे. मग एकदा तापानं घरी पडून असताना त्यांचं सहज लक्ष गेलं. काकू एका बोळातून चालल्या होत्या. “ही सुताराची बोळ न्हवं का?” ते उठून बसले. त्याच बोळातून त्यांची नवरदेवाची वरात गेली होती. त्या दिवसापासून ते टीव्हीसमोर चपला काढून बसू लागले.

आता यंत्र म्हातारं झालं होतं. आतला पंखा घरघरायचा, अर्ध्या तासानं यंत्र तापून बंद पडायचं, कधी कधी चालूच व्हायचं नाही. गाव दुसरीकडे हलवावं तर खातं भाच्याच्या नावावर, आणि त्याचा पासवर्ड भाचा कधीच विसरला होता. पेटी मेली की गाव पुन्हा बुडणार, हे काकूंना माझ्याआधी कळलं होतं. “येकदा पाण्यात गेलं, आता ह्यात जाईल,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

टीव्हीवरच्या खेळाचं चित्रण करायचं तर कॅप्चर कार्ड लागतं, हे मी सांगितलं. छोटीशी डबी असते. यंत्राची वायर तिच्यात घालायची, तिच्यातून चित्र लॅपटॉपवर जातं आणि तिथे साठतं. ऐकल्याबरोबर भाऊसाहेबांनी वहीचं पान आडवं धरलं आणि पट्टीनं रकाने पाडले. कार्ड, चित्र, आवाज, गहाळ, शेरा. त्यांच्या कचेरीच्या आयुष्यातला प्रत्येक तक्ता ‘शेरा’ या रकान्यानं संपायचा.

पहिलं कार्ड भोरच्या बाजारातून आलं. अंगठ्याएवढं. खोक्यावर मोठमोठ्या बढाया. ते लावलं तर टीव्ही बंद, कारण चित्र बाहेर काढून पुन्हा टीव्हीला द्यायचं दुसरं तोंडच त्याला नव्हतं. काकूंना माझ्या लॅपटॉपकडे बघून खेळायची पाळी आली आणि लॅपटॉपवर चित्र उशिरा पोचायचं. काकू थांबल्या तरी पडद्यावरची बाई दोन पावलं पुढेच. तिसऱ्या मिनिटाला ती विहिरीत पडली. “अगं बया, म्या थांबलीय की!” काकू ओरडल्या आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते चित्रण मला एकेक चित्र पुढे सरकवत दाखवायला लावलं आणि कोंबडीच्या पायांवर बोट ठेवलं. “हिचं हे पाऊल कुठं गेलं?”

मी समजावलं, यंत्र सेकंदाला साठ चित्रं देतं, हे कार्ड त्यातली तीसच उचलतं.

“म्हंजी एकाआड एक पान फाडलं.”

“डोळ्यांना कळत नाही हो ते, भाऊसाहेब.”

“म्हातारबाची वळ गेली ती तुमच्या डोळ्यांना कळली व्हती का?” त्यांनी ‘गहाळ’च्या रकान्यात लिहिलं, ‘निम्मे’.

दुसरं कार्ड भाच्यानं पुण्याहून पाठवलं. त्याला दोन तोंडं होती, टीव्ही चालू राहायचा, साठच्या साठ चित्रं यायची. मी सुटकेचा श्वास सोडला. पण भाऊसाहेबांनी अर्ध्या तासाचं चित्रण शेवटपर्यंत बघितलं, आणि शेवटाकडे आवाज मागे पडू लागला होता. काकू दार उघडून घरात गेल्यावर दार करकरायचं. ‘आवाज अस्सलाप्रमाणे नाही.’ तेही बाद.

तिसऱ्यासाठी त्यांनी पुण्याच्या एका दुकानदाराला स्वतः फोन लावला. “तुमच्या कार्डानं केलेली नक्कल आणि अस्सल ह्यात काय फरक पडंल ते लेखी देता का?” दुकानदारानं फोन ठेवला. यांनी पुन्हा लावला. असं आठवडाभर चाललं. इकडे यंत्र दिवसाआड बंद पडत होतं आणि माझा धीर सुटत चालला होता. काकूंचा तर सुटलाच होता. “तुमची निवड हुईस्तवर पेटी मरंल. मग बसा त्यो तक्ता बघत,” त्या एकदा माझ्यासमोरच कडाडल्या. भाऊसाहेब उठले आणि टेबलफॅन आणून यंत्राच्या तोंडासमोर ठेवला.

त्याच दुपारी काकू भाकरी थापत होत्या, मी ओट्याला टेकून उभी होते. मी म्हटलं, “काकू, कसं काढलंत यांच्याबरोबर आयुष्य? एवढं काटेकोर माणूस!”

भाकरी तव्यावर टाकून त्या हळू आवाजात बोलू लागल्या. “माझा बाप लवकर गेला. आई चुलत्याच्या पडवीत ऱ्हायची. पडवीला दार न्हवतं, गोणपाट लावलेलं. माझं दार कवा हुईल गं, म्हणायची. धरणाची यादी झाली, तवा ज्येच्या नावावर घर त्याला जागा. त्या यादीची नक्कल ह्यांच्याच हातनं गेली. म्या येकदाच म्हणले, खाली आईचं नाव घाला. एक वळ.”

“मग?”

“अस्सलात न्हाई ते नकलेत येत न्हाई, म्हणले.” त्यांनी भाकरी उलटली. “बरोबरच हाय. खोटं कसं लिवत्याल? पर बरोबर असलं म्हणून दुखायचं ऱ्हातं व्हय? आई नव्या गावात चुलत्याच्या नव्या पडवीतच गेली. म्या पुन्हा ईषय काढला न्हाई. त्यांनी बी न्हाई.”

बाहेर भाऊसाहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा तो ‘अस्सलबरहुकूम’ शब्द जड वाटला. म्हाताऱ्या धनगराची वाट ज्या हट्टानं वाचवली त्याच हट्टानं सासूचं दार अडवलं होतं, आणि दोन्ही वेळा माणूस बरोबर होता.

तिसरं कार्ड आलं. चित्र साठ, आवाज सोबत, टीव्ही चालू. आधी लॅपटॉपवर चित्र अडखळलं, पण माझ्याच लॅपटॉपचं संथ भोक सोडून निळ्या रंगाच्या वेगवान भोकात वायर घातल्यावर सुरळीत झालं. भाऊसाहेबांनी मात्र ते पसंत केलं ते भलत्याच कारणासाठी. त्या डबीला बाजूनं एक भोक जास्तीचं होतं, माईक लावायला. “घरं दिसत्याल, पण कुणाची ते कोण सांगंल? हिचा आवाज आत जाया पायजे,” ते म्हणाले. पहिल्या दोन्ही कार्डांत काकूंचा आवाज कुठेच नव्हता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी निमूटपणे माईक लावला.

चित्रण रविवारी दुपारी झालं. यंत्र दोन विटांवर उचलून ठेवलेलं, समोर पंखा. काकू नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, जसं काही टीव्हीत त्या स्वतःच दिसणार होत्या. देवळापासून निघाल्या आणि सावकाश चालत गेल्या. “हे पाटलाचं. हे गुरवाचं. हे आमच्या चुलत्याचं, ही पडवी. हितं चिंच व्हती, तिच्याखाली आमी बिट्ट्या खेळायचो.” भाऊसाहेब वहीत पेन्सिलनं घरागणिक एकेक खूण करत होते. शेवटी काकू विहिरीपाशी आल्या. विहिरीच्या उगवतीला एक लहानसं घर होतं. तिथे त्या काहीच बोलल्या नाहीत. दार उघडलं, आत गेल्या, भिंतीला एक दिवा लावला, थोडा वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन दार लावून घेतलं. भाऊसाहेबांची पेन्सिल हवेत थांबलेली मी बघितली. मग त्यांनी खूण केली.

चार दिवसांनी यंत्राचा तांबडा दिवा दोनदा लुकलुकला आणि यंत्र कायमचं गेलं. मला वाटलं, आता तरी भाऊसाहेब निवांत होतील. पण त्यांनी चित्रणावर सही करायचं नाकारलं. कचेरीतल्या जुन्या नकाशात त्या गावठाणात एकतीस घरं होती. चित्रणात बत्तीस.

“असू दे ना हो,” मी म्हटलं. म्हणताना मला भीती वाटत होती. ते घर कुणाचं, हे मला कळलं होतं. त्यांना कळलं नसेल असं नाही.

“नकाशा बी नक्कलच हाय, ऑपरेटरबाई. अस्सल जमीन. मे महिन्यात पाणी हटतं.”

मे महिन्यात आम्ही तिघं गेलो. एसटीनं जाता येईल तिथवर गेलो, पुढे पायी. धरणाचं पाणी लांब आत सरकलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात गाव पडलेलं होतं. भिंती नव्हत्या, नुसती दगडी जोती. काकू आधी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग पदर खोचला. मी लॅपटॉप उघडून छत्रीखाली धरला, भाऊसाहेबांनी चित्रणातल्या घरांची यादी काढली आणि भर उन्हात रुजवात सुरू झाली.

“घर क्रमांक एक. पाटील. देवळाच्या उजव्या अंगाला.”

काकू जोत्यावर उभ्या राहायच्या, माझ्या पडद्यावर बघायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर.”

बोळ संपली, चिंचेचं खोड दिसलं, चुलत्याचं जोतं आलं, त्याला लागून पडवीचे दोन दगड आले. बरोबर, बरोबर. एकतीस झाले. आम्ही विहिरीपाशी पोचलो.

“बत्तीस,” भाऊसाहेब म्हणाले. “विहिरीच्या उगवतीला. एक खणाचं घर. दार एक.”

तिथे सपाट गाळ होता. एक दगडही नव्हता.

“हितं जोतं न्हाई,” ते म्हणाले.

“न्हाईच. कवाच न्हवतं.” काकूंचा आवाज स्थिर होता. “आईचं हाय त्ये. म्या बांधलं. दार लावून दिलं तिला.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काढून टाकायचं आसंल तर टाका. ऑपरेटरबाईला येतं म्हणं कापाया. तुमच्या कागदात बसायचं न्हाई त्ये.”

मला भाऊसाहेबांचा राग आला. त्यांनी अजून काहीच केलं नव्हतं, तरी आला. मी मनाशी ठरवून टाकलं की यांनी काप म्हटलं तर हा लॅपटॉप मी विहिरीत टाकीन.

ते विहिरीच्या काठावर बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. यादी मांडीवर घेतली आणि शेवटच्या, ‘शेरा’च्या रकान्यात लिहू लागले. फार वेळ लिहीत होते. खाली सही केली. मग कागद माझ्याकडे द्यायला हात पुढे केला.

“तिला नगं, मला सांगा काय लिवलं,” काकू म्हणाल्या. “मोठ्यानं वाचा. रुजवातीला मोठ्यानं वाचत्यात न्हवं?”

भाऊसाहेब उठून उभे राहिले. कचेरीत वाचायचे त्याच आवाजात, पण थांबत थांबत त्यांनी वाचलं, “घर क्रमांक बत्तीस. अस्सलात नाही. असावयास पाहिजे होते. सबब नकलेत कायम.”

काकू माझ्याजवळ आल्या. छत्रीच्या सावलीत वाकून त्यांनी पडद्यावरच्या त्या लहानशा घरावर बोट ठेवलं.

“बरोबर,” त्या म्हणाल्या.